निवृत्तीतली रेल्वे खोलीभर नको, फळीभर पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर मॉडेल रेल्वेचा छंद धरावा असे अनेकांच्या मनात असते. पण डोळ्यांपुढे चित्र असते ते खोलीभर पसरलेल्या डोंगर-बोगद्यांचे, आणि छंदांवरच्या लेखांसोबत छापले जाणारे फोटोही तसेच असतात. त्यामुळे काही जण सुरुवातच करत नाहीत. काही जण मोठी चौकट ठोकतात आणि वायरिंगपाशी अडतात, कारण पासष्टीच्या माणसाने टेबलाखाली उताणे पडून, हात वर धरून सोल्डरिंग करणे हे काही खरे नव्हे. मान अवघडते, आणि वितळलेले कथील खालीच पडते. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. खुर्चीत बसून चालवता येईल, एकट्याला उचलता येईल आणि पूर्ण होईल अशी रेल्वे फळीभर जागेत होते, आणि चांगली चालते.

आधी प्रमाण ठरवावे. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या रुळांतले १४३५ मिमी अंतर ८७ ने भागले की १६.५ मिमी येते, तेच एचओचे गेज. एन म्हणजे १:१६०, गेज ९ मिमी. झेड म्हणजे १:२२०, गेज ६.५ मिमी. एनमध्ये निम्म्या जागेत तेवढीच गाडी मावते हे खरे, पण डबा रुळावर ठेवताना चाकाची कड आत बसली की बाहेर राहिली हे साध्या चष्म्याने दिसत नाही, आणि हात थोडा जरी कापत असला तरी रोजचा त्रास होतो. झेडचे तर नावच नको. ज्याला जागेची फार अडचण नाही त्याने एचओ घ्यावे. १:७६ प्रमाणाचा ओओ प्रकारही त्याच १६.५ मिमीच्या रुळावर धावतो. त्याहून मोठ्या ‘ओ’ प्रकाराचे रूळ ३२ मिमीचे. हाताळायला उत्तम, पण लांबी रुंदी दोन्ही दुपटीने मागतात.

मग आराखडा. बहुतेकांना लंबवर्तुळ हवे असते, गाडी गोल गोल फिरावी म्हणून. त्याचे गणित पाहा. एचओमध्ये लहान इंजिन आणि आखूड वाघिणींसाठी, म्हणजे मालडब्यांसाठी, ४५७ मिमी त्रिज्येचे वळण चालते. पूर्ण वळसा म्हणजे ९१४ मिमी, त्यात स्लीपरची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांची, रुंदी आणि दोन्ही कडांची सुरक्षित जागा धरली की टेबल किमान १०५ सेंमी रुंद हवे. ते भिंतीला लावले तर पलीकडच्या कडेला हात पोहोचत नाही. बसून काम करणाऱ्याची सहज पोहोच ६० सेंमीच्या आसपास असते. लांब प्रवासी डब्यांचा हट्ट असेल तर प्रश्न आणखी वाढतो. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट असावी, हा जुना आणि खात्रीचा आडाखा आहे. ३० सेंमीच्या डब्याला ९० सेंमी त्रिज्या, म्हणजे सुमारे दोन मीटर रुंदीचे टेबल. एका मार्गावरून दुसरा मार्ग नेणारा पूलही लहान टेबलावर बसत नाही. एचओमध्ये खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत ७५ मिमी उंची लागते. १०० मिमीला २ मिमी या सोयीच्या चढाने तेवढे चढायला पावणेचार मीटर रूळ जातात, आणि उतरायला तितकेच. चढ दुप्पट केला की इंजिनाची चाके जागीच फिरू शकतात.

म्हणून भिंतीलगतची अरुंद फळी आणि तिच्यावर शंटिंगचे, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या क्रमाने लावण्याचे, यार्ड. यातला सर्वांत कसदार आराखडा इंग्लंडमधला, ‘इंगलनूक’ नावाचा. सांधे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे रुळांचे फाटे, फक्त दोन. तीन मार्ग, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. इंजिन ज्या टोकाला मागेपुढे करते तिथे इंजिन आणि तीन वाघिणींपुरती जागा, एक बोटही जास्त नाही. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने त्या पाच वाघिणी लांब मार्गावर उभ्या करायच्या. असे क्रम ६७२० होतात. समजा, हवी असलेली वाघीण लांब मार्गावर इंजिनाकडून तिसरी उभी आहे. तिन्ही ओढून काढल्या की ती इंजिनापासून सर्वांत दूरच्या टोकाला येते, म्हणून तीच आधी एका आखूड मार्गात सोडावी लागते. बाकीच्या दोन दुसऱ्या मार्गात ढकलल्या आणि तिथे एक आधीच उभी असली तर तो मार्ग भरला. आता पुढच्या चालीला मोकळी जागा कुठे राहते ते पाहायचे, मगच कंट्रोलरला हात लावायचा. सकाळचा अर्धा तास यात कसा जातो ते कळत नाही, आणि गोल फिरणाऱ्या गाडीचा जो कंटाळा आठवडाभरात येतो तो इथे येत नाही.

एचओमध्ये चारचाकी वाघीण कपलरसह, म्हणजे जोडणाऱ्या आकड्यासह, सुमारे १२ सेंमी धरा, छोटे इंजिन १५ सेंमी, प्रत्येक सांध्याला २० ते २३ सेंमी. सगळे मिळून १६० सेंमीच्या आत बसते. ९० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद असे दोन भाग केले तर १८० सेंमी मिळतात, वर थोडी मोकळीक राहते. एन घेणाऱ्याचे काम मीटरभरात होते.

चौकट ९ मिमी प्लायवूडची करावी. कडेच्या पट्ट्या ७ सेंमी उंच, मध्ये दोन आडव्या, आडव्या पट्ट्यांना वायरसाठी २० मिमीची भोके आधीच पाडलेली. वरच्या तक्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत, नाही तर दमट हवेत कडा फुगतात आणि रुळांना लाटा येतात. असा भाग चार-पाच किलोच्या आत राहतो. वजन महत्त्वाचे आहे, कारण वायरिंग करताना हा भाग उचलून टेबलावर आडव्या कडेवर उभा करायचा असतो, म्हणजे खालची बाजू आपल्यासमोर येते आणि काम बसून, उजेडात होते. माझ्या मते निवृत्त माणसाच्या रेल्वेचा सगळा जीव या एका सोयीत आहे. दोन भाग जोडायला ८ मिमीचे दोन बोल्ट आणि पंखवाले नट पुरतात, मात्र बोल्टच्या भोकात थोडा खेळ असतोच. नेमकेपणासाठी १० मिमीच्या दोन लाकडी खुंट्या वेगळ्या बसवाव्यात. जोडावर सांधा येऊ देऊ नये.

रुळाची उंची जमिनीपासून ८५ ते ९० सेंमी असली की गुडघे खाली आरामात मावतात, हात पोहोचतो, आणि बसलेल्या माणसाची नजर गाडीच्या फारशी वर नसते, त्यामुळे गाडी खेळण्यासारखी वाटत नाही.

आता रूळ. या छंदातून माणसे बाहेर पडतात ती बहुधा रुळांमुळे: गाडी वारंवार घसरते, अडखळते, आणि दोष इंजिनाला दिला जातो. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. ते तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण असते. जुने पितळी रूळ फुकट मिळाले तरी नाकारावेत, त्यांच्यावरचा गंजाचा थर वीज अडवतो. कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१०० इंच, कोड ८३ म्हणजे ०.०८३ इंच. कोड ८३ दिसायला नाजूक आणि खरा वाटतो, पण जुन्या डब्यांच्या उंच कडा त्याच्या खिळ्यांवर घासू शकतात. पहिल्या फळीला कोड १०० बरा.

लवचिक रूळ सुमारे ९१ सेंमीचे येतात. वाकवले की आतला रूळ पुढे सरकतो, तो कापावा लागतो. कापायला रूळ कापण्याचा खास चिमटा वापरावा, त्याची सपाट बाजू आपल्याला ठेवायच्या तुकड्याकडे. कापल्यावर बारीक कानशीने टोक सरळ करावे आणि आतल्या वरच्या कोपऱ्याची धार किंचित मोडावी, एवढीशी की बोटाला टोचू नये. वळणावर जोड येत असेल तर दोन तुकडे आधी सरळ ठेवून, फिशप्लेट (रुळांची टोके जोडणारी छोटी पट्टी) घालून सोल्डर करावेत, मग वाकवावेत. उलट क्रमाने केले तर जोडावर कोन उमटतो आणि तिथे पुढचे चाक चढतेच. कोन डोळ्याला वरून दिसत नाही. गाल रुळाच्या पातळीला नेऊन, एक डोळा मिटून रुळाच्या लांबीने पाहावे. मग लगेच दिसतो. बोटाचे टोक रुळाच्या आतल्या कडेने हळू फिरवले तरी पायरी लागते.

सरळ मार्गावरचे सगळे जोड मात्र सोल्डर करू नयेत. उन्हाळा-पावसाळ्यात लाकूड हलते, रूळही तापून वाढतात. दर दुसऱ्या जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली की पुरते. फट ठेवली नाही तर रूळ एखाद्या दुपारी बाजूला फुगून बसतात.

स्लीपरच्या मधोमध खिळा खोल ठोकण्याची चूक फार आढळते. स्लीपर खाली वाकतो, दोन्ही रूळ आत झुकतात, गेज आवळते आणि चाके वर उचलली जातात. खिळ्याचे डोके स्लीपरला जेमतेम टेकले की थांबावे. त्याहून चांगले म्हणजे खिळे न वापरता फटी बुजवायच्या ॲक्रिलिक लांबीचा पातळ थर रुळाखालच्या कॉर्कच्या पट्टीवर पसरून त्यात रूळ बसवावा आणि वर पुस्तके ठेवून रात्रभर सोडावा. चुकले तर पातळ पात्याने उचलता येतो. सांध्याच्या सरकत्या पट्टीखाली लांबीचा कणही जाता कामा नये.

दोन भागांच्या जोडावर वेगळी काळजी लागते. दोन्ही फळ्यांच्या कडेला प्रत्येक रुळाखाली एक पितळी स्क्रू बसवावा, त्याचे डोके रुळाच्या तळाला टेकेल इतके वर आणावे. भाग बोल्टने घट्ट जोडावेत, रूळ अखंड टाकावा, चारही स्क्रूंना सोल्डर करावा, आणि मगच बारीक पात्याच्या करवतीने फटीवर कापावा. मग कितीदाही सोडा-जोडा, रूळ रुळाला भेटतो.

सोल्डरिंगसाठी ६०/४० किंवा ६३/३७ ची राळ भरलेली तार आणि तापमान बदलता येणारी सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) घ्यावी. ॲसिडचा फ्लक्स, म्हणजे कथील नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ, विजेच्या कामात नको, तो पुढे तांबे खातो. इस्त्री ३५० अंशांवर ठेवावी. रुळाची बाहेरची बाजू आधी खरवडून चकचकीत करावी, तिच्यावर कथिलाचा ठिपका द्यावा, वायरच्या टोकालाही कथील चढवावे, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंद गरम करावे आणि कथील थिजेपर्यंत हात हलवू नये. कमी तापमानावर इस्त्री जास्त वेळ धरली तर उष्णता रुळातून पसरते आणि प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. म्हणजे स्लीपर वितळतात ते इस्त्री फार गरम असल्यामुळे, ही समजूत बहुधा उलटी असते. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की धोका टळतो. दाणेदार, मळकट दिसणारा जोड कच्चा समजावा आणि पुन्हा करावा. खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण या तारेत शिसे असते. डोक्यावर बांधायचे भिंग १.७५ पटीचे घ्यावे. त्यातून ३५ सेंमीवरचे स्पष्ट दिसते. अडीच पटीच्या भिंगासाठी चेहरा २० सेंमीपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे इस्त्रीच्या अगदी जवळ.

विजेचे काम या फळीवर सोपे आहे. एकाच इंजिनाला १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरतो. फळीखालून १.५ चौ. मिमीच्या दोन मुख्य वायर न्याव्यात, दोन रंगांच्या, आणि कोणता रंग कोणत्या रुळाचा हे पहिल्या दिवशी ठरवून चौकटीवर लिहावे. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौ. मिमीची आखूड वायर खाली उतरवून मुख्य वायरला जोडावी. फिशप्लेटवर विजेचा भरवसा ठेवू नये. नवी असताना ती घट्ट असते, वर्षभरात सैल आणि काळी पडते. सांध्याचा मधला व्ही आकाराचा धातूचा भाग विजेचा असेल तर त्याच्या पुढच्या दोन्ही रुळांत प्लॅस्टिकची फिशप्लेट घालावीच, नाही तर सांधा बदलताच शॉर्ट होतो. तो भाग प्लॅस्टिकचा असेल तर शॉर्टचा प्रश्न नाही, पण छोटे चारचाकी इंजिन नेमके तिथे थांबते. शंटिंगमध्ये वेग कमी असतो, म्हणून विजेचा सांधा घेणे चांगले. शेवटी एक परीक्षा: फळीच्या दर हातभर अंतरावर दोन रुळांवर नाणे आडवे ठेवायचे. कंट्रोलरचे संरक्षण प्रत्येक ठिकाणी तत्काळ तुटले पाहिजे. जिथे तुटत नाही तिथला जोड कच्चा आहे.

डिजिटल पद्धत, म्हणजे डीसीसी, नंतर घेता येते. मात्र इंजिन विकत घेताना त्यात आठ पिनचे, एकवीस पिनचे किंवा नेक्स्ट-१८ प्रकारचे सॉकेट आहे ना ते पाहावे. मग डिकोडर, म्हणजे रुळातून आलेले डिजिटल संदेश ओळखून मोटर चालवणारा भाग, बसवणे दहा मिनिटांचे काम. साधा कंट्रोलर आणि डीसीसी एकाच रुळाला एकाच वेळी कधीही जोडू नयेत. डिकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळावर उभे करून ठेवले तर मोटर गुणगुणत तापते, आणि काही नाजूक मोटरी जळतातही.

गाडी घसरू लागली तर दोष शोधायची पद्धत साधी आहे. एकच वाघीण सगळीकडे घसरते, तर दोष वाघिणीत. सगळ्या वाघिणी एकाच जागी घसरतात, तर दोष रुळात. एकच वाघीण एकाच जागी घसरत असेल तर आधी तिच्या चाकांतले अंतर मोजावे. एचओमध्ये दोन चाकांच्या पाठींमधले अंतर १४.४ मिमीच्या आसपास हवे. कमी असेल तर चाक सांध्यात चढते. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाके, रूळ आणि सांध्यांची मापे प्रमाणित केली आहेत. तिचे पत्र्याचे छोटे मापक एका हत्यारात ही सगळी मापे तपासते. ते पहिल्या इंजिनाच्या आधी घ्यावे. वजनाचाही त्याच संस्थेचा आडाखा आहे: एचओच्या डब्याला २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटर लांबीला सुमारे साडेपाच ग्रॅम. बारा सेंमीची वाघीण ९५ ग्रॅमची झाली की ढकलताना उडत नाही. बाजारातल्या बऱ्याच वाघिणी हलक्या असतात. आत तळाशी शिशाची किंवा लोखंडाची पट्टी चिकटवावी. बोगीचा, म्हणजे खाली चाकांच्या दोन फिरत्या चौकटी असलेला, डबा असेल तर एका बोगीचा स्क्रू असा आवळावा की ती फक्त डावी-उजवी फिरेल, दुसरीचा थोडा सैल ठेवावा की ती बाजूंनाही डुलेल. दोन्ही घट्ट आवळल्या तर डबा असमान रुळावर तीनच कोपऱ्यांवर उभा राहतो.

खडी सगळ्यात शेवटी, गाडी महिनाभर बिनघोर चालल्यावर. कोरडी खडी ब्रशने सारखी करून तिच्यावर भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेले पाणी फवारावे, आणि ओली असतानाच लाकडाचा पांढरा गोंद दुप्पट पाण्यात मिसळून ड्रॉपरने सोडावा. आधी ओली केली नाही तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होतो आणि खड्डे पडतात. सांध्याच्या हलत्या भागाजवळ खडी नकोच.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडके. सँडपेपर कधीही नाही. त्याच्या ओरखड्यांत घाण बसते आणि ठिणग्या वाढतात. इंजिनाची चाके साफ करताना अल्कोहोलने ओला केलेला जाड कागद रुळांवर आडवा ठेवावा, इंजिनाचे एक टोक कोरड्या रुळावर, दुसरे कागदावर, आणि हाताने धरून चाके फिरू द्यावीत. कागदावर काळ्या रेघा येणे थांबले की झाले. वाघिणींना प्लॅस्टिकची चाके असतील तर धातूची बसवावीत, प्लॅस्टिकवर मळ चटकन चढतो. तेल प्लॅस्टिकला चालणारे, सुईच्या टोकावर राहील तेवढेच. जास्त झालेले तेल रुळावर उतरते आणि मग इंजिनाची पकड सुटते.

जुने सामान कुणी देऊ केले तर तीन गोष्टी पाहाव्यात. रुळांच्या मधल्या खुंट्यांवरून वीज घेणाऱ्या मेर्क्लिन या जर्मन कंपनीच्या गाड्या दोन रुळांच्या पद्धतीवर चालत नाहीत. त्यांच्या आसांवर विजेचे पृथक्करण नसते, रुळावर ठेवताच शॉर्ट होतो. जुन्या जस्तमिश्र ओतकामाच्या चौकटीला भेगा किंवा फुगवटा दिसला तर ते इंजिन घेऊ नये, त्या धातूत शिरलेली अशुद्धता तो आतून फोडत जाते आणि त्यावर इलाज नाही. चाकावरचे रबरी कडे कडक झालेले असेल तर मात्र घाबरू नये, ते बदलता येते.

आणि वायरिंगचा नकाशा, रंग, डिकोडरचे क्रमांक, प्रत्येक इंजिनाला कधी तेल दिले याची नोंद एका कागदावर लिहून फळीच्या खालच्या बाजूला चिकटवावी. पुढे दुरुस्ती घरातल्या दुसऱ्या कुणाला करायची झाली तर एकेक वायर ओढून पाहावी लागणार नाही.

कळावे,
आपला,
मॉडेल रेल्वेचा एक अभ्यासक